एमबीबीएस प्रवेशाचं ‘पॅकेज’: पुण्यात पैसे नेमके कशाचे मोजता?

नीटचा निकाल लागला की टिळक रोडपासून नळ स्टॉपपर्यंत ‘मेडिकल अ‍ॅडमिशन गायडन्स’चे फलक झळकायला लागतात. माल साधारण तीन प्रतींत मिळतो. पाच-दहा हजारांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि कॉलेजांची एक यादी. त्याच्या वर गेलात की फॉर्म भरून देणं आणि प्रत्येक राउंडला, म्हणजे जागावाटपाच्या फेरीला, एक बैठक. लाखाच्या आसपास पोचलात की डीम्ड (अभिमत विद्यापीठांची कॉलेजं), बाहेरची राज्यं आणि ‘तुमच्यासाठी स्वतंत्र माणूस’. कुठल्या एका दुकानाचं नाव इथे घेत नाही, कारण पाटी बदलली तरी आतला माल जवळपास तोच असतो. हा रिव्ह्यू त्या मालाचा.

निकाल आधीच सांगतो. यादी बरी असते, पण ती घरी बसून फुकट करता येते. राउंडच्या नियमांची राखण हा खरा उपयोगाचा भाग आहे आणि त्याचे थोडे पैसे द्यायला हरकत नाही. पण ज्या गोष्टीपायी पोरांच्या जागा खरोखर जातात, ते दाखले, या पॅकेजात बहुतेकदा नसतातच. ‘डॉक्युमेंट चेकलिस्ट’ नावाचं एक पान हातात देतात आणि त्यावर खुणा करायला सांगतात. निकालानंतर ते पान मिळून काही उपयोग नसतो.

आधी यादीचं बघू. ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट असते: हिरव्यात ‘नक्की’, पिवळ्यात ‘शक्य’, लाल रंगात ‘स्वप्न’. पहिला प्रश्न विचारायचा, हे रंग मार्कांवर ठरवलेत की रँकवर? मार्कांवर असतील तर कागद तिथेच परत करा. २०२४ साली खुल्या वर्गाची पात्रता १६२ मार्कांना होती, २०२५ साली १४४ला. २०२४ला ७२० पैकी ७२० घेणारे होते, २०२५ला देशात पहिला आलेला ६८६ वर थांबला. पेपर अवघड गेला की सगळी शिडीच खाली सरकते. गेल्या वर्षीच्या ‘इतक्या मार्कांना बी. जे.’ (पुण्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) या वाक्याला म्हणून काडीची किंमत नाही. ऑल इंडिया रँक धरली की दोन वर्षांची तुलना बऱ्यापैकी जमते, तीही जागा वाढल्या-घटल्याचा हिशोब लावून.

ही यादी घरी अशी करा. राज्याचे प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षाच्या प्रत्येक राउंडच्या निवड याद्या पीडीएफमध्ये असतात. त्या एक्सेलमध्ये घ्या, आपल्या प्रवर्गाच्या आणि खुल्या अशा दोन्ही जागांवर प्रत्येक कॉलेजात शेवटची रँक कोणती गेली ते राउंडनिहाय लिहा. मुलींसाठी सरकारी कॉलेजांत ३० टक्के समांतर आरक्षण आहे, तो रकाना वेगळा ठेवा. मग कॉलेजं लावायची ती निव्वळ आवडीच्या क्रमाने. इथेच पैसे देऊन चूक विकत घेतली जाते. ‘वरती मोठी कॉलेजं टाकली तर खालचं जाईल’ या भीतीने पहिल्या नंबरला ‘सेफ’ कॉलेज टाकायला सांगणारे सल्लागार अजून आहेत. सॉफ्टवेअर वरून खाली जातं. पहिली पसंती मिळत नसेल तर दुसरी बघतं, आणि दुसरीसाठी तुमचा क्रमांक त्या भानगडीत मागे पडत नाही. न मिळणाऱ्या कॉलेजाला वर ठेवण्याचा दंड शून्य आहे. मिळू शकणाऱ्या चांगल्या कॉलेजाला खाली ठेवण्याचा दंड मात्र साडेचार वर्षं भरावा लागतो.

दुसरा गैरसमज प्रवर्गाबद्दलचा. ‘कॅटेगरी टाकली की ओपनची जागा मिळत नाही’ असं काउंटरवर सर्रास ऐकू येतं. चूक. आरक्षित प्रवर्गातल्या मुलाची रँक खुल्या जागेला पुरत असेल तर त्याला खुली जागा मिळते, आणि प्रवर्गातून अधिक आवडीचं कॉलेज मिळत असेल तर तेही घेता येतं. दाखला हातात असताना ‘कशाला भानगड’ म्हणून खुल्यातून फॉर्म भरणाऱ्याचा तोटाच होतो.

याच्या उलट्या टोकाची विक्रीकलाही पुण्यात जोरात चालते. खुल्या वर्गातले पालक समोर बसले की ‘सर, आरक्षणाने काही शिल्लक ठेवलंय का, मॅनेजमेंटचं बघू या’. आकडे समोर ठेवले की या वाक्यातली हवा जाते. राज्यातल्या सरकारी कॉलेजाच्या १०० जागांपैकी १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ मध्ये अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, विमुक्त आणि भटक्यांच्या चार गटांना मिळून ११, ओबीसींना १९, २०२४च्या कायद्याने एसईबीसींना (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास, म्हणजे मराठा) १०, आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) १०. उरतात ३० टक्के, म्हणजे ८५ मधल्या २५-२६. शिवाय ईडब्ल्यूएसचे १० टक्के कुणासाठी आहेत, तर इतर कुठल्याच आरक्षणात न बसणाऱ्या कुटुंबांसाठी. हे सल्लागार सांगत नाही, कारण ईडब्ल्यूएसच्या दाखल्यात त्याला कमिशन नाही.

पुण्यातली डीम्ड कॉलेजं याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे जातीचं आरक्षण नाही, डोमिसाईलची (राज्याचा रहिवासी असण्याची) अट नाही, देशभरातून कुणीही या. तरी सरकारी कॉलेजाच्या कितीतरी मागच्या रँकला तिथे जागा मिळते. गाळणी फीची आहे. वर्षाला २० लाख धरले तरी साडेचार वर्षांचे ९० लाख. ‘मेरिट मारलं जातं’ हे वाक्य या रांगेत उभं राहून कुणी म्हणताना दिसत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अखिल भारतीय कोट्यातलं ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता असं नाही, त्या गुणांमागे घरची साधनं आणि परिस्थितीही असते. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावलेलं पोर आणि महाज्योती या ओबीसी-भटक्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या मोफत टॅबवर अभ्यास केलेलं पोर एकाच रँक यादीत येतं, हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

कोटा शहराचा विषय निघालाच आहे तर एक धोका. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात, शिवाय डोमिसाईल. अकरावी-बारावीसाठी राजस्थानातल्या ‘डमी’ शाळेत नाव घातलं की पुण्यात जन्मलेलं, पुण्यात वाढलेलं पोर या ८५ टक्क्यांतून बाहेर पडतं. केंद्र-राज्य सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत. हे दहावीच्या सुट्टीत कळायला हवं. पॅकेजवाला भेटतो दोन वर्षांनी.

आता कागद.

पहिली गोम: एकाच मुलाची दोन पोर्टलवर दोन वेगळी ओळख असते. धनगर समाजातला मुलगा राज्यात एनटी-क (भटक्या जमातींचा एक गट), केंद्राच्या एमसीसीत, म्हणजे अखिल भारतीय आणि डीम्ड जागा वाटणाऱ्या समितीकडे, ओबीसी. वंजारी राज्यात एनटी-ड, केंद्रात ओबीसी. मराठा राज्यात एसईबीसी, पण केंद्राच्या ओबीसी यादीत नाही, म्हणून एमसीसीत खुल्यात किंवा निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये. तेच पोर राज्याच्या पोर्टलवर ईडब्ल्यूएस भरू शकत नाही, कारण तिथे त्याला एसईबीसी आहे. म्हणजे दोन दाखले, दोन वेगळ्या नमुन्यांत. केंद्राचा नॉन-क्रिमी लेयर (मागास प्रवर्गातलं घर सुस्थितीतलं नाही असा दाखला) केंद्राच्याच नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. राज्याचा नॉन-क्रिमी लेयर प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवा. तो तीन वर्षांच्या उत्पन्नावर काढला तर दरवर्षी सेतूत रांग लावावी लागत नाही. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमी लेयर लागतच नाही, तरी चेकलिस्टवर त्याचीही खूण करून घेणारे महाभाग आहेत.

दुसरी गोम आठ लाखांची. आकडा एक, माप दोन. केंद्राच्या नॉन-क्रिमी लेयरमध्ये आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. नोकरीचा दर्जा वेगळा बघतात, थेट भरतीचा वर्ग एकचा अधिकारी असेल तर मुलगा क्रिमी लेयरमध्ये जातो. ईडब्ल्यूएसमध्ये मात्र पगार, शेती, धंदा सगळं धरतात. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला त्यावर मालमत्तेची अट: पाच एकर शेती किंवा हजार चौरस फुटांचा फ्लॅट असला की बाद. कोथरूडमध्ये आजोबांच्या वेळचा मोठा फ्लॅट आणि घरात एक पेन्शन, असं कुटुंब इथे हमखास अडकतं. दोन्ही मापं एका वाक्यात ‘आठ लाखांच्या आत’ असं सांगणाऱ्या सल्लागाराला तिथेच थांबवावं.

आणि मग व्हॅलिडिटी. जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र. जातीच्या आरक्षणातून राज्याच्या जागेवर जायचं तर हे हवंच, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच ठेचकाळतात. काही वर्षी सरकारने ते नंतर द्यायला मुदत दिली, पण त्या मुदतीवर घर बांधू नये. अर्ज अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला, कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी करायचा. पुणे जिल्ह्याची समिती विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. पण जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला, तिथल्या समितीकडे जावं लागतं. हडपसरला वीस वर्षं राहणाऱ्या बीडच्या कुटुंबाची फाइल बीडलाच. अनुसूचित जमातींची समिती वेगळी, तिचा तपास अधिक खोल.

समिती मागते काय? त्या-त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आपलं घराणं महाराष्ट्रात होतं आणि त्याची जात अशी नोंदलेली होती, हे वडिलांकडच्या रक्तनात्यातून दाखवायचं. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो, काम सोपं होतं. गेले नसतील तर? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंद. त्या वहीत सापडतं ते असं: ‘सखा वल्द रामा’, आडनाव नाही, जातीच्या रकान्यात एक-दोन अक्षरांचं लघुरूप, शाई फिकी. कधी मोडी लिपीत. मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी उर्दूत. मग लिप्यंतर, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आणि त्या वंशावळीतलं प्रत्येक नाव कुठल्या ना कुठल्या कागदाशी जुळलेलं.

ज्या घरात तीन पिढ्या शिकल्या, त्यांचा पुरावा कपाटातल्या फाइलीत असतो. ज्या घरातलं पहिलंच पोर बारावीला पोचलं, त्यांना तो कोतवाल बुकात शोधावा लागतो. म्हणजे आरक्षण ज्यांच्यासाठी अधिक गरजेचं, त्यांनाच ते सिद्ध करणं अधिक जड. हा दोष पोर्टल सुधारून जाणारा नाही, पण आधी सुरुवात केली तर वेळ हाती राहतो. वडील, सख्खे काका, आत्या किंवा भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती पहिल्या पानावर जोडा, निम्मं ओझं उतरतं. उताऱ्यांच्या झेरॉक्सवर विसंबू नका, शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्या आणि मूळ वही कुठल्या कार्यालयात आहे ते लिहून ठेवा, समितीचं दक्षता पथक तिथे जाऊन बघतं. अपलोड करताना दोन्ही बाजू स्कॅन करा. अर्जाची पावती ‘व्हॅलिडिटी’च्या रकान्यात टाकून निर्धास्त राहणारे दरवर्षी निघतात, आणि पावती चालेल की नाही हे त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेवर ठरतं.

दिव्यांग प्रवर्गाचं थोडक्यात: गावच्या सिव्हिलचा दाखला पुरत नाही, एमसीसीने ठरवून दिलेल्या केंद्राचाच लागतो, आणि तिथल्या तारखा निकालानंतर भराभर भरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ ४० टक्क्यांचा आकडा ओलांडला म्हणून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे मंडळाने पाहायचं. केंद्राने अपात्र लिहिलं तर कारणं लेखी मागा.

मग पॅकेजात चांगलं काय? राउंडची राखण. एमसीसीचे तीन राउंड आणि शेवटचा स्ट्रे (उरलेल्या जागांचा), राज्याचे राउंड त्यांच्या मधे-मधे, आणि तारखा रात्री अकराला बदलतात. दोन्हीकडचे नियम वेगळे. एमसीसीच्या पहिल्या राउंडची जागा घेतली नाही तरी फुकट सुटका. दुसऱ्यापासून अनामत जाते, तिसऱ्यात जागा घेतली की राजीनामाच नाही. ती अनामत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गाला १० हजार आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांगांना ५ हजार, डीम्डसाठी सरसकट २ लाख. राज्यात कॉलेज आवडलं आणि पुढे जायचं नसेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरावा लागतो. नाही भरला आणि पुढच्या राउंडला वरची पसंती लागली, तर आधीची जागा आपोआप जाते. ‘मला फक्त बघायचं होतं’ हे कारण चालत नाही. एका कोट्यातून दुसऱ्यात जाताना कॉलेजातून मूळ कागद परत आणले म्हणजे राजीनामा झाला असं नाही. पोर्टलवरून निघालेलं राजीनाम्याचं पत्र हवं, नाहीतर पुढच्या कॉलेजात नाव ‘आधीच प्रवेशित’ दाखवतं. दोन्ही पालक नोकरीला, घरात हे पीडीएफ वाचायला कुणी नाही, तर या राखणीचे मधल्या पॅकेजाचे पैसे वसूल होतात.

बारीकसारीक: काही कॉलेजं अजून अधिष्ठात्यांच्या नावाचा डीडी मागतात. राउंड गणपतीत आला तर बँकेच्या सुट्ट्या आणि विसर्जनाच्या दिवशीचा बंद लक्ष्मी रोड, दोन्हीचा हिशोब धरून आदल्या आठवड्यात पैसे तयार ठेवा. सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसचा बाँड एक वर्षाच्या सेवेचा, नाही केली तर १० लाख. हे फीच्या हिशोबात कुणी सांगत नाही.

काही गोष्टी दिसल्या की उठून बाहेर पडा. पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा. तुमच्या लॉगिनवर त्याची यादी लॉक झाली की तक्रार कुणाविरुद्ध करणार? निकालाआधी ‘मॅनेजमेंटची सीट बुक करून ठेवू’ म्हणणारा. त्या जागाही सीईटी सेलकडे नोंदणी करून, नीटच्या गुणवत्तेनेच भरायच्या असतात, आणि पावतीशिवायचे पैसे म्हणजे कॅपिटेशन, ज्याला महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे. आणि मॅनेजमेंटकडे वळवताना एक गोष्ट गिळून टाकणारा: ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून, झाला असेल तरच. कॅपमधलं लांबचं कॉलेज सोडून जवळच्या कॉलेजची मॅनेजमेंटची जागा घेतली की ही माफी हातची जाते.

फुकटातलं काय बरं आहे? सीईटी सेलची माहिती पुस्तिका दोनदा वाचली तर पाच हजारांच्या पॅकेजाइतकी माहिती होते. भाषा रुक्ष आहे, पण नियम तिथलाच खरा. पुण्यात बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा समाजासाठी) या दोन सरकारी संस्थांची कार्यालयं आहेत, त्यांच्या योजनांची चौकशी दहावीनंतर लगेच करावी. बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट गरीब घरातल्या मुलांना नीटची तयारी मोफत करून देतं.

तारे द्यायचेच तर यादीला दोन, राउंडच्या राखणीला चार, कागदांना शून्य. पैसे देण्याआधी काउंटरवर एकच गोष्ट करून बघा: गप्प बसा आणि समोरचा पहिला प्रश्न कोणता विचारतो ते ऐका. ‘बजेट किती?’ असं विचारलं तर चहा पिऊन निघा. ‘आजोबा कुठल्या शाळेत होते?’ असं विचारणारा भेटला तर मधलं पॅकेज घ्या.